घार मान वळवते ती कशाला

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एका घारीचा फोटो लावलाय आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय 'ईगल'. फोटो काढलाय आमच्या सेक्रेटरींनी. त्यांच्याकडे दुधाच्या किटलीएवढी लेन्स आहे आणि थंडीत ते तिच्यासकट खाडीवर फ्लेमिंगोंच्या मागे फिरत असतात. आमची इमारत मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. मिठागरं जवळ, जुनं डम्पिंग ग्राउंड जवळ, म्हणजे घारींचं सासर आणि माहेर दोन्ही इथेच. इथल्या शेंबड्या पोरालाही घार ओळखता येते. सेक्रेटरींना येत नाही. त्यांनी तो फोटो आधी ग्रुपवर टाकला होता, 'आपल्या टेरेसवर ईगल!!' म्हणून. खाली अंगठ्यांची नुसती रांग लागली. मी लिहिलं, "अहो, घार आहे ती." त्याला एकही अंगठा आला नाही, आणि दोन दिवसांनी फोटो बोर्डावर आला.

लिफ्टची वाट बघत मी रोज त्या फोटोसमोर उभी असते. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर घार बसलीय, मान पार एका बाजूला वळवलेली, आणि एक डोळा खाली रोखलेला. फोटो चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पण तो बघितला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगायचं तर आधी माझ्या बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबांची उभी हयात नजरेवर गेली. मालवणाकडून आले, लालबागला राहिले, आणि गिरणीत कापड तपासायच्या खात्यात लागले. टेबलावरून कापड सरसर पुढे जायचं आणि त्यात कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय, ते धावत्या कापडात पकडायचं, हे काम. गिरणी बंद पडल्यावर कपड्यांच्या एका कारखान्यात तेच केलं. घरी भातातला खडा आईच्या आधी त्यांना दिसायचा आणि त्यावरून दोघांची जुंपायची. आई गेली, बाबा रिटायर झाले, मुलुंडच्या या घरात आम्ही दोघंच उरलो. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. त्याबद्दल सोसायटीची काय मतं आहेत ती मला माहीत आहेत आणि ती त्यांनी आपल्यापाशीच ठेवावीत.

मग बाबांचे डोळे गेले. गेले म्हणजे अर्धे गेले. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडा शाबूत आहेत. ऑपरेशनने सुधारणारं नाही, चष्म्यानेही नाही. बाबा समोर बघायचे तिथे मधोमध एक करडा डाग, आणि डागाच्या कडेने बाकी सगळं व्यवस्थित चालू. माणूस समोर आलं की त्यांना सदरा दिसायचा, चपला दिसायच्या, हातातली पिशवी दिसायची. तोंड दिसायचं नाही.

दुसऱ्या कोणाचं यावाचून फारसं अडलं नसतं. माझ्या बाबांचं अडलं. चाळीत वाढलेला माणूस. जिन्यात कोणी भेटलं की ओळखून हाक मारायची, 'काय वहिनी, पाय कसा आहे?' विचारायचं, नाहीतर तो स्वतःला माणूस समजत नाही. आणि एक दिवस त्यांनी लिफ्टमध्ये एका गृहस्थांचा हात हातात घेऊन सांगितलं, "फार वाईट झालं हो. सोन्यासारखी बायको होती तुमची." बायको त्या गृहस्थांच्या शेजारीच उभी होती. ज्यांची गेली होती ते तिसऱ्या मजल्यावरचे. मी घरी येऊन पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. त्यानंतर ते खाली जायचेच बंद झाले. गॅलरीत बसून राहायचे, आणि दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात एक बाई होत्या. राहिलेल्या नजरेने कसं बघायचं ते शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी बाबांना सांगितलं, "काका, समोरच्याच्या तोंडाकडे बघाल तर तोंड डागाखाली जाईल. मान थोडी वळवा, नजर त्याच्या खांद्याच्या खाली टाका. चेहरा आपोआप कडेला येईल, आणि कड तुमची चांगली आहे." ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडेच बघायचं नाही, हे मनाला पटतच नाही. बाबांनी महिनोन् महिने सराव केला. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीवर केला, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईवर केला, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी माझ्यावर केला. मान वळवायचे, डोळे खाली टाकायचे, चुकायचे, स्वतःलाच मालवणीत शिव्या द्यायचे. एका सकाळी कप हातात तसाच राहिला. "हां, आता गावलंस गो," ते म्हणाले. "आवशीसारखी दिसाक लागलंस." आईचं नाव निघालं तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून ठेवला.

त्या दिवसापासून बाबा पुन्हा माणसांत आले. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मान वळवायची, नजर खाली टाकायची, क्षणभर थांबायचं, आणि मग, "अरे, तुम्ही होय! काय म्हणता?" त्या 'तुम्ही होय'मध्ये केवढा आनंद असायचा, ते मलाच माहीत.

संध्याकाळी ते टेरेसवर जायचे. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. तिथे घारी. आणि गंमत अशी की घार मला दिसायच्या आधी बाबांना दिसायची. "ती बघ, टॉवराकडसून येता हा." मी डोळे फाडफाडून बघायची, तेव्हा कुठे ठिपका दिसायचा. कडेच्या नजरेला बारीकसारीक कळत नाही, पण काही हललं की ते आधी तिलाच कळतं, असं त्या हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं. वाचता येत नाही, नाणं ओळखता येत नाही, पण आभाळात काही हललं की बाबांना पत्ता लागलाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मासेवाली बसते. घारींचा सगळा डोळा तिच्या पाटीवर. मी टेरेसवरून कितीतरी वेळा बघितलंय. घार वर घिरट्या घालते, पंख हलवत नाही, नुसती शेपटी इकडून तिकडे मुरडते. मान मात्र सारखी चालू, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मासेवाली काठी घेऊन बसली असेल तर घार नुसतीच फिरत राहते. गिऱ्हाईक आलं, बाईने काठी ठेवून कोयता घेतला, की घारीची मान सरळ होते आणि ती खाली येते. चोच लावत नाही, पायाने बांगडा उचलते आणि वर जाता जाताच खायला लागते. मासेवालीच्या शिव्या टेरेसपर्यंत ऐकू येतात.

"ती मान कित्याक वळवता गो?" बाबांनी एकदा विचारलं. "माझ्यासारखी?"

मी मोबाइलवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. शिकारी पक्ष्यांच्या एकेका डोळ्यात अगदी स्पष्ट दिसायच्या दोन दोन जागा असतात. एक जवळचं, समोरचं बघायला. दुसरी बाजूला बघणारी, आणि लांबचं सगळ्यात बारीक दिसतं ते त्या दुसऱ्या जागेतून. डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून अख्खी मान वळवावी लागते. लांबचा उंदीर नीट बघायचा असेल तर घार त्याच्याकडे तोंड करत नाही, तिरकी बघते. आणि झडप घालायची वेळ आली की सरळ.

बाबा खूश झाले. "म्हणजे तिका पण हॉस्पिटलातल्या बायने शिकवल्यान काय?" त्यानंतर घार दिसली की ते म्हणायचे, "इली आमची क्लासातली."

असं सगळं छान चाललं होतं. सोसायटीला छान चाललेलं बघवत नाही.

एका संध्याकाळी सेक्रेटरींनी मला गेटपाशी बाजूला घेतलं. "ताई, जरा डेलिकेट मॅटर आहे," ते म्हणाले. "काकांबद्दल कम्प्लेंट आलीय."

"कसली?"

"म्हणजे बघा... लेडीजकडे बघतात ते. मान वाकडी करून. आणि..." त्यांनी हात स्वतःच्या छातीपाशी नेला. "इथे बघतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी जिभेला लगाम घातला आणि नीट समजावून सांगितलं. डाग काय, कड काय, खांद्याखाली नजर का टाकायची, सगळं. हॉस्पिटलचे कागद दाखवते म्हटलं. ते मान डोलवत राहिले. आणि मग म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो, ताई. पण लोकांना कोण समजावणार?"

हे बोलतंय कोण? तर ज्यांचं टोळकं रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला पायापासून केसापर्यंत बघतं, ते! जीन्स कोणाची, रिक्षातून कोणाबरोबर उतरली, किती वाजता आली, सगळा हिशोब यांच्याकडे. पण ते समोरासमोर, मान ताठ ठेवून बघतात ना, म्हणजे सभ्य. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी ही जमात.

तक्रार केली होती दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईने. मी तिच्याकडे गेले, भांडायच्याच तयारीने गेले. पण तिच्याशी भांडता आलं नाही. ती म्हणाली, "ताई, लिफ्टमध्ये मी एकटी होते. ते असे बघायला लागले, मला काय वाटणार?" बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही तेच समजले असते. मी सगळं सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. "शी! मी आजच सेक्रेटरींना सांगते, कम्प्लेंट मागे घेते म्हणून." आणि तिने सांगितलंसुद्धा. सेक्रेटरी काय म्हणाले असतील? "आता विषय अजेंड्यावर आलाय, मॅडम." जिची तक्रार तिला ती नको, पण यांना हवी. इतकी चविष्ट तक्रार आमच्या सोसायटीत कितीतरी दिवसांत आली नव्हती.

मीटिंग रविवारी संध्याकाळी, टेरेसवर. प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासात चहा, आणि बटाटेवडे. वडे असले की कोरम भरतो. बाबांना मी येऊ नका म्हणून किती विनवलं. ते म्हणाले, "माझ्याबद्दल बोलतले ना? मग मी व्हयो थय." इस्त्रीचा सदरा घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आधी पार्किंगवर भांडण झालं, मग गळतीवर, आणि मग सेक्रेटरी एका हातात कागदी प्लेट घेऊन उभे राहिले. "ज्येष्ठांचा आदर आहेच," त्यांनी सुरुवात केली. ज्येष्ठांचा आदर आहे असं कोणी म्हणालं की ज्येष्ठांनी समजून जावं. मी मध्येच उठले. बाबांचा आजार सगळ्यांसमोर सांगितला. लोकं वडे खाता खाता ऐकत होती. मग मी म्हटलं, "तुमचा तो बोर्डावरचा फोटो आठवा. त्यातली घार कशी बघतेय? मान वळवून, एका डोळ्याने. का? तिला नीट दिसावं म्हणून. माझे बाबा तेच करतात."

"ईगल," सेक्रेटरी म्हणाले. "आणि ती पोझ आहे, ताई. फोटोसाठी."

पोझ! घारीने यांच्यासाठी पोझ दिली! अक्कल वाटत होते तेव्हा हे लेन्स पुसत बसले असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"सेक्रेटरीसाहेब, वडा सांभाळा."

बाबा समोर बघत नव्हते. मान वळली होती, नजर खाली, आपल्या नेहमीच्या पद्धतीने. सेक्रेटरींना काही कळलं नाही. "काका, प्लीज, मी बोलतोय ना—" म्हणेपर्यंत त्यांच्या डोक्यामागून घार आली. पंखांचा फडफडाट झाला, प्लेट उडाली, वडा गेला, आणि चटणी सदऱ्यावर. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. मग सगळी टेरेस हसायला लागली. मीसुद्धा हसले, मोठ्याने हसले. मला वाटलं, चला, घारीनेच निकाल लावला. आता यांना पुरावा मिळाला, बाबा खरं बोलतात, कडेने दिसतं ते असं दिसतं.

सेक्रेटरी रुमालाने चटणी पुसत होते. पुसता पुसता थांबले. बाबांकडे बोट करून म्हणाले, "बघा! दिसतं की यांना!"

हसणं हळूहळू थांबलं. माना बाबांकडे वळल्या. आमचे चेअरमन, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शांतपणे म्हणाले, "हो ना. आपल्यापैकी कोणाला दिसली नाही, यांना दिसली. मग चेहरा दिसत नाही, हे जरा..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. गरजच नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारे चालू असतात." मी ओरडले, खूप ओरडले. कड, हालचाल, पडदा, डॉक्टर. दुसऱ्या मजल्यावरची ती बाई उभी राहून म्हणाली, "माझी काही तक्रार नाही, मी तेव्हाच सांगितलंय." तिला कोणी विचारलंच नव्हतं. डोळे असून आंधळे म्हणतात ते उगाच नाही. 'काकांना समज देण्यात आली' असं लिहायचं ठरलं आणि विषय पुढच्या गणपतीच्या वर्गणीवर गेला. बाबा मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माझ्या लक्षात आलं. बाबांची मान सरळ होती. माझ्याकडे तोंड करून, ताठ, अगदी नाकासमोर बघत होते. म्हणजे माझ्या तोंडावर त्यांचा तो करडा डाग होता.

"बाबा, असं काय? वळा ना जरा."

"नको. सरळच बरा दिसता."

"घरात कोण बघतंय? माझ्याकडे तरी वळून बघा."

त्यांनी कप खाली ठेवला. बशी नीट चाचपली. "सवय मोडूक व्हयी, बाय," ते म्हणाले. "घरात ठेवलंय तर भायर पण येतली. तुका परत थय मीटिंगीत उभा रवाक नको."

मी रागावले, रडले, हॉस्पिटलातल्या त्या बाईंना फोन लावून दिला. त्यांच्याशी बाबा गोड बोलले, हो हो म्हणाले, आणि फोन ठेवून पुन्हा सरळ बसले. माझा बाप हट्टी आहे. त्यांनी महिनोन् महिने खपून शिकलेलं सगळं पुसून टाकायला घेतलं, आणि तेही तसंच, सराव करून. मान वळायला लागली की स्वतःच हाताने हनुवटी धरून सरळ करायचे.

आता ते लिफ्टमध्ये सरळ बघतात. कोणाला हाक मारत नाहीत. जो येईल त्याला हात जोडून 'नमस्कार' म्हणतात, सगळ्यांना सारखाच. सोसायटीला ते फार आवडलंय. सेक्रेटरी परवा मला म्हणाले, "बघा ताई, मीटिंगचा फायदा झाला की नाही? काका किती सुधारले. डोळ्यांतही फरक वाटतो." मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसमधून येत होते. नवा कुर्ता घातला होता, आदल्याच दिवशी घेतलेला, बाबांच्या अजून नजरेत न बसलेला. लिफ्टसाठी त्या फोटोसमोर उभी राहिले. मागे सेक्रेटरी येऊन थांबले, बाकड्यावरची दोघं-तिघंही. लिफ्टचं दार उघडलं आणि आत बाबा होते, दूध आणायला हातात पिशवी घेऊन खाली आलेले. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. सरळ, मान ताठ. माझ्या तोंडावरून त्यांची नजर तशीच पलीकडे गेली. मग पिशवी मनगटाला अडकवून त्यांनी दोन्ही हात जोडले, थोडे वाकले आणि मला म्हणाले, "नमस्कार."

मी 'बाबा' म्हटलं असतं तर त्यांना त्या सगळ्यांसमोर कळलं असतं, आपण हात कोणाला जोडले ते. म्हणून मीही हात जोडले.